व्हिक्टोरियन खेड्यातला गरीब रुग्ण कोणाच्या भरवशावर होता?

वाचनवेडा:
व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये खेड्यातल्या गरिबाचे औषधपाणी जमीनदार आणि पाद्री आपुलकीने पाहत असत, सरकारने नाक खुपसल्यावर सगळे बिघडले, असे काल येथे कोणी ठोकून दिले आहे. गरिबांच्या मदतीसाठीच्या 1834 च्या ‘गरीब कायद्या’नंतर आजारी शेतमजुराच्या घरच्यांनी आधी रिलिव्हिंग ऑफिसरकडून, म्हणजे मदत मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याकडून, चिठ्ठी आणायची, मग युनियनचा, म्हणजे या कायद्याखाली एकत्र बांधलेल्या गावांच्या गटाचा, डॉक्टर येणार, अशी रीत होती. हा अधिकारी अनेकदा काही मैलांवर राहत असे. म्हणजे तापाने फणफणलेला बाप घरात आणि चिठ्ठीसाठी आई चिखल तुडवत रस्त्यावर. युनियनचा कारभार पाहणाऱ्या आणि खर्चाला मंजुरी देणाऱ्या ‘पालक मंडळा’त बसत ते करदाते शेतकरी, म्हणजे बहुतेकदा त्याच मजुराचे मालक. डॉक्टरही सुरुवातीला निविदा मागवून नेमत आणि जो सर्वांत कमी पगार मागेल त्याच्या गळ्यात माळ पडे. त्यातच औषधेही बहुतेक ठिकाणी त्याने स्वतःच्या पगारातून द्यायची. यात आपुलकी कोठे शोधायची?

वाड्यावरचा:
ठोकून देणारा मीच, आणि नाव घेऊन बोलला असता तरी चालले असते. तुम्ही वर्णन केलेत ते सरकारी कायद्याचे, म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध केलात. सरे परगण्यातल्या क्रॅनली गावी 1859 मध्ये अल्बर्ट नॅपर या डॉक्टरने एका साध्या घरात कॉटेज हॉस्पिटल, म्हणजे गावातलेच छोटे इस्पितळ, उघडले. घर गावच्या रेक्टरने, म्हणजे पाद्र्याने, बिनभाड्याने दिले होते. तोवर गाडीखाली पाय सापडलेल्या मजुराला मैलोन्‌मैल हादरे खात शहरातल्या इस्पितळात न्यावे लागे. शतकाअखेर देशभर अशी शेकडो हॉस्पिटले झाली. कोणत्या कायद्याने?

बंधपत्रित:
औषधे पगारातून, हे वाक्य वाचून तुम्ही दोघेही पुढे सरकलात, याचे नवल वाटते. मी डॉक्टर झाल्यावर बंधपत्राची सक्तीची सरकारी सेवा एका प्राथमिक आरोग्य केंद्रात केली. सर्पदंशावरचे प्रतिविष संपलेले, मागणीपत्र वर गेलेले आणि समोर ओठ काळेनिळे पडलेला मुलगा. त्याला हलवण्यासाठी जीपमध्ये डिझेल माझ्या पैशाने भरले. ते बिल आजतागायत मंजूर झालेले नाही. त्यामुळे युनियनच्या डॉक्टरने महाग क्विनाइनऐवजी रंगीत पाणी दिले असेल, तर त्याला दोष देण्याआधी व्यवस्था पाहावी. 1842 च्या सरकारी आदेशाने त्याला पगाराशिवाय पाय कापण्याचे पाच पौंड आणि बाळंतपणाचे दहा ते वीस शिलिंग वेगळे मिळू लागले. ताप उतरवण्याचे मात्र काहीच नाही.

वाड्यावरचा:
येथे सरकारी नोकरीचे रडगाणे कोणी मागितले होते? आमच्या आजोळी वैद्यबुवा पायलीभर तांदळावर वर्षभर औषध देत. त्यांनी कधी कोणाला बिल दाखवले नाही.

बंधपत्रित:
तांदूळ ज्याच्या घरात होते, त्यालाच ते औषध मिळत असणार. गावकुसाबाहेर वैद्यबुवा किती वेळा गेले, हे आजोळी एकदा विचारून पाहावे.

वाचनवेडा:
तापू नका. क्रॅनलीचे श्रेय देतो. रेक्टरसाहेबांना माझ्यातर्फे नारळ पाठवावा. परंतु तेथेही रुग्णाने ऐपतीप्रमाणे दर आठवड्याला पैसे भरायचे होते, आणि दक्षिणेकडच्या शेतमजुराची कमाई त्या सुमारास आठवड्याला आठ-दहा शिलिंग असे. आजारपणासाठी वर्गणी भरायच्या मंडळ्या होत्या, पण त्यांना धडधाकट तरुण हवे असत. म्हातारे आणि जुनी दुखणेकरी माणसे पुन्हा चिठ्ठीच्या दारात. शिवाय सरकारी औषध घेतले की मजुराचा मताचा हक्क जाई, असे पन्नास वर्षे चालले.

सरेनिवासी:
पन्नास वर्षे हा हिशेब चुकीचा आहे. गावच्या मजुरांपैकी बहुतेकांना 1884 पर्यंत मतच नव्हते, तेव्हा जाणार काय? मत मिळाल्यावर हा प्रश्न पेटला आणि 1885 मध्ये संसदेने केवळ वैद्यकीय मदत घेणाऱ्याचा मताधिकार अबाधित केला. आणि मुळात तुम्ही दोघे सरकार विरुद्ध धर्मादाय असे भांडता, पण पालक मंडळात आणि हॉस्पिटलच्या वर्गणीदारांत बऱ्याच गावी तीच चार माणसे असत.

वाड्यावरचा:
म्हणजे निदान ती चार माणसे काही करत होती, एवढे तरी मान्य झाले. धन्यवाद.

बंधपत्रित:
करत होती खरी. 1864 मध्ये संसदेच्या समितीने क्विनाइन आणि कॉडलिव्हर तेलासारखी महाग औषधे मंडळाच्या खर्चाने द्यावीत, अशी शिफारस केली. शिफारस, सक्ती नव्हे. आणि तिजोरीची किल्ली त्याच चौघांकडे.