मदत हवी आहे: कथेतली रेस 'फिल्मी' वाटतेय, अर्जंट!

झपूर्झा२२:
मंडळी, दिवाळी अंकाची कथा अडकलीय, संपादकांचे रोज फोन. शेवटी रेस आहे. नायक नायट्रसचं बटण दाबतो, गाडी उसळते, ड्रिफ्ट मारत, म्हणजे वळणावर गाडी आडवी घसरवत, पुढच्याला गाठतो. मित्र म्हणतो, असं फक्त सिनेमात होतं. मग खरं कसं होतं? 'सिनेमे बघा' सांगू नका, तेच बघून लिहिलंय.

गिअरबॉक्स:
कार की बाइक? देश कुठला? साल?

नाना_कोथरूड:
आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ बघा. रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्याकडे रात्री सायलेन्सर फाडत फिरणाऱ्या पोरांनाही कथेत घ्या.

झपूर्झा२२:
नाना, जपान आहे हो! ड्रिफ्ट म्हटलंय ना.

गिअरबॉक्स:
जपानमध्येही दोन वेगळी जगं. टोकियोजवळचा वांगान म्हणजे सरळसोट एक्स्प्रेसवे, तिथे निव्वळ वेग. गाड्यांना कंपनीतूनच ताशी १८० किमीचा लिमिटर (त्यापुढे वेग जाऊ न देणारी सोय) असायचा, पोरं आधी तो उडवायची. दुसरं जग घाटांचं, त्याला तोगे म्हणतात. तुमचं कुठलं?

झपूर्झा२२:
घाट. नव्वदीचं दशक. गाडी टोयोटाची जुनी एई८६. आता सांगा!

वळणदार:
मग नायट्रस काढाच. ते स्वतः जळत नाही, ऑक्सिजन पुरवतं, म्हणून जास्त पेट्रोल जाळता येतं. ४०० मीटरच्या ड्रॅगला, म्हणजे सरळ रेषेतल्या रेसला ठीक. वळणावर बटण दाबलं तर गाडी कठड्यात. आणि ती ४०० मीटर चांगली गाडी बारा-तेरा सेकंदांत संपवते. सिनेमात तेवढ्यात वीसदा गिअर पडतात!

पडद्यामागे:
सगळंच खोटं नसतं हो. २००१ चा गाजलेला हॉलिवूडपट 'द फास्ट अँड द फ्युरिअस' न्यूयॉर्कच्या रेसर्सवरच्या १९९८ च्या एका मासिक-लेखावरून निघाला. फक्त गोष्ट लॉस एंजेलिसला नेली.

गिअरबॉक्स:
विषय घाटाचा चाललाय. ८६ ला १३० च्या आसपास घोडे (हॉर्सपॉवर), चढावर मार खाणार. रेस उतारावर ठेवा, तिथे हलकी गाडी जड गाडीला छळते. आणि ड्रिफ्टने कुणाला गाठता येत नाही, वेळ टायरच्या धुरात जातो.

वळणदार:
सरसकट नाही! खडीवर, बर्फावर गाडी घसरवणंच वेगवान, रॅलीवाल्यांना विचारा. 'ड्रिफ्ट किंग' म्हणतात तो जपानी रेसर केइची त्सुचिया घाटातच तयार झाला ना?

गिअरबॉक्स:
झाला. पण कोरड्या डांबरावर, सर्किटवर वेळ लावायची तर तोही पकड धरूनच चालवणार.

झपूर्झा२२:
भांडा नंतर. नायक पुढे कसा जातो?

वळणदार:
जातच नाही. अरुंद घाट, ओव्हरटेकला जागा कुठे? मागचा चिकटून राहिला तर तो जिंकला, पुढचा निसटला तर पुढचा. उतारावर सतत दाबून ब्रेक तापतात, पेडल मऊ पडतं. जड गाडीचे आधी. पुढच्याचे ब्रेक जाऊ द्या.

झपूर्झा२२:
हे चालेल. लिहायला बसतो.

मंजिरी_ठाणे:
मुलगा स्विफ्टला मोठा एक्झॉस्ट लावायचा म्हणतोय. ॲव्हरेज पडेल का?

नाना_कोथरूड:
ॲव्हरेजचं सोडा, आधी चलन येईल.