कार्बाइड टूल ग्राइंडिंग आणि रात्रीचा खोकला : कोबाल्टचा दमा असू शकतो का?

टूलरूम_भोसरी
आमच्याकडे कार्बाइडची (धातू कापायच्या कठीण मिश्रणाची) एंडमिल, ड्रिल अशी कटिंग टूल्स ग्राइंडिंग व्हीलवर रीशार्पन होतात, म्हणजे त्यांना पुन्हा धार लावतात. एका ऑपरेटरला घरी गेल्यावर छाती आवळते, रात्री खोकला येतो आणि सूं-सूं आवाज होतो. रविवारी बरं वाटतं. मशीनवर असताना मात्र काही नाही. काम पूर्ण कूलंटखाली (टूल थंड ठेवणाऱ्या द्रवाखाली) चालतं, धूळ दिसतही नाही. तरी डॉक्टरांना कामामुळे झालेल्या दम्याची शंका आहे. खात्री कशी करायची, आणि मशीनवर काय बदलायचं?

श्वास_तपासणी
त्रास घरी गेल्यावर होतो म्हणून कामाला क्लीन चिट देऊ नका. अ‍ॅलर्जीचा दमा बऱ्याचदा संपर्कानंतर चार ते आठ तासांनी उसळतो.

पीक फ्लो मीटर घ्या (जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजणारं छोटं यंत्र). जागेपणी दर दोन तासांनी, निदान दिवसातून चार वेळा तरी, उभं राहून तीन फुंकी; सर्वात मोठा आकडा लिहायचा. पहिल्या दोन मोठ्या आकड्यांत मिनिटाला २० लिटरपेक्षा जास्त फरक असेल तर फुंक चुकली, पुन्हा घ्या. असं चार आठवडे, सुट्टीचे दिवस धरून. शक्य असेल तर त्यात सलग आठ-दहा दिवसांची रजा येऊ द्या, कारण एका रविवारात फुफ्फुसं पुरती सावरत नाहीत आणि आलेख सपाट दिसतो. मीटर तोच ठेवा, औषधांचे डोस मधेच बदलू नका, शिफ्ट आणि घेतलेला पंप शेजारी नोंदवा. झटका मोठा असेल तर नोंदी बाजूला राहू द्या, माणसाला आधी मशीनवरून हलवा.

कूलंट_मिस्त्री
‘कूलंट आहे म्हणजे धोका नाही’ हा या धंद्यातला सगळ्यात महागात पडणारा समज. टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधलेले असतात, साधारण ६ ते १२ टक्के. पाण्यातल्या कूलंटमध्ये तो विरघळतो. फिल्टर गाळ पकडतो, विरघळलेला कोबाल्ट नाही. नुसतं टॉप-अप करत राहिलात तर तो साठत जातो आणि व्हील फिरलं की कूलंटच्या उडणाऱ्या धुक्यातून नाकात जातो.

कार्बाइडसाठीचंच, कोबाल्ट सुटू न देणारं कूलंट मागा (बेंझोट्रायॅझोलसारखं इनहिबिटर असलेलं), टाकी ठरावीक मुदतीने पूर्ण रिकामी करा आणि कूलंटमधला कोबाल्ट लॅबमधून मोजून घ्या. सायकल संपताच दार उघडू नका, मिस्ट एक्स्ट्रॅक्टरला (धुकं शोषून घेणाऱ्या यंत्राला) आतली हवा ओढू द्या. टूल एअर गनने फुंकणं आजच बंद करा, वाळलेला गाळ हवेत उडवण्याचं काम तीच करते. सक्शनचं तोंड व्हीलला चिकटून हवं. पाइपच्या व्यासाइतकं लांब गेलं तरी ओढ जेमतेम दहा टक्के उरते.

टूलरूम_भोसरी
एन-९५ मास्क देऊन त्याला त्याच मशीनवर ठेवलं तर?

श्वास_तपासणी
नको. एकदा शरीर कोबाल्टला चिडलं की अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. एसीजीआयएच या अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्य संस्थेची हार्ड मेटलमधल्या (कोबाल्टने बांधलेल्या टंगस्टन कार्बाइडमधल्या) कोबाल्टसाठीची ०.००५ मिलिग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा पाळली तरी त्याच्यासाठी ती सुरक्षित धरता येत नाही. निदान पक्कं झालं की पगार न कापता कार्बाइडपासून पूर्ण दूरचं काम द्या. जितक्या लवकर बाहेर, तितकी बरं होण्याची शक्यता जास्त. चढताना धाप, कोरडा खोकला, वजन घटणं असं काही असेल तर नुसत्या स्पायरोमेट्रीवर (फुंकून करायच्या श्वासाच्या चाचणीवर) थांबू नका, डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो ती चाचणी) आणि एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) करून घ्या. हार्ड मेटलचा फुफ्फुसविकार हा वेगळा आजार आहे, तो पंपाने बरा होत नाही.

शेजारच्या मशीनवरच्या माणसांनाही खोकल्याचं विचारा. ते धुकं त्यांच्याकडेही जातं.