मदत हवी: बीएएल क्वेसारचा स्पेक्ट्रल इंडेक्स गंडतोय

मध्यरात्र१४२०
बीएएल क्वेसार, म्हणजे स्पेक्ट्रममध्ये रुंद शोषणरेषा असलेले क्वेसार. फर्स्ट (१.४ गिगाहर्ट्झ) आणि व्हीलास (३ गिगाहर्ट्झ) या रेडिओ सर्वेक्षणांतले फ्लक्स (रेडिओ तेज) जुळवून त्यांचा स्पेक्ट्रल इंडेक्स, म्हणजे फ्रिक्वेन्सीनुसार फ्लक्स बदलण्याचा उतार, काढतोय. निम्मे −१.२ च्याही खाली जातात. सूत्र दहादा तपासलं. काय चुकतंय? जरा घाई आहे.

खोडदकर
फ्लक्स पीक (सर्वांत तेजस्वी बिंदूचा) की इंटिग्रेटेड (पूर्ण स्रोताचा)? व्हीलासची कुठली फेरी? क्विक-लुक (घाईने तयार केलेली प्राथमिक चित्रं) आहे का? एवढंही न सांगता आम्ही काय कप्पाळ सांगणार?

मध्यरात्र१४२०
इंटिग्रेटेड, अर्थात. क्विक-लुक, १.१.

खोडदकर
तिथेच घोळ आहे. १.१ च्या क्विक-लुकमध्ये फ्लक्स सुमारे १३ टक्के कमी भरतो, ०.८७ ने भागा. १.४ ते ३ गिगाहर्ट्झ हे अंतर लॉगमध्ये जेमतेम ०.३३, त्यामुळे तेवढ्यानेही इंडेक्स ०.१८ ने खाली जातो. −१.२ चा −१.०२ होईल. शिवाय फर्स्टचा बीम (चित्रात दिसणारा सर्वांत बारीक तपशील) ५ आर्कसेकंद, व्हीलासचा २.५. पसरट स्रोताची कडा व्हीलासमध्ये गळते.

शोषणरेषा
आधी निवड बघा. बीएएल ठरवायला बीआय वापरला की एआय (शोषण मोजणारे दोन निर्देशांक)? बीआयला ३,००० ते २५,००० किमी/से या पट्ट्यात सलग २,००० किमी/से रुंदीचं शोषण लागतं. एआयमध्ये अरुंद रेषाही शिरतात.

खोडदकर
प्रश्न रेडिओचा आहे हो.

शोषणरेषा
भेसळीचा नमुना घेऊन रेडिओ काय सांगणार?

दुर्बीणकाका
टीजीएसएस सर्वेक्षण घ्या की! १५० मेगाहर्ट्झ, आपल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीचा. फर्स्टपासून लॉगमधलं अंतर थेट ०.९७.

खोडदकर
काका, त्याची मर्यादा २५ मिलिजान्स्कीच्या (फ्लक्सचं एकक) आसपास, त्याहून मंद स्रोत दिसत नाही. फर्स्टमध्ये ५ असलेला स्रोत −०.७ इंडेक्सने तिथे २४ होतो. म्हणजे थोडक्यात हुकला. तुमचे स्रोत किती आहेत?

मध्यरात्र१४२०
बहुतेक २ ते ५.

खोडदकर
हे आत्ता सांगताय! व्हीलासचा गोंगाट ०.१२ मिलिजान्स्की. १ मिलिजान्स्कीच्या स्रोतात नुसत्या त्यानेच इंडेक्स ±०.१६ हलतो.

नभोवेडा
३सी २७३ हा क्वेसार आठ इंची दुर्बिणीतून दिसतो. प्रत १२.९, कन्या राशीत.

शोषणरेषा
कुणी विचारलं?

मध्यरात्र१४२०
०.८७ ने भागलं. बरेचसे −१ च्या आसपास आले. चार अजून −१.३ वर अडलेत. मग बीएएल आपल्याला कडेनेच (चकतीच्या बाजूने) दिसतात असं लिहू का?

खोडदकर
अजिबात नको. बीएएल थोडे स्टीपकडे (जास्त ऋण इंडेक्सकडे) झुकतात, पण सपाट इंडेक्सवालेही आहेत. एकाच कोनाने ते बसत नाही. त्यात फर्स्ट १९९३ ते २०११, व्हीलास २०१७ नंतर. मधल्या काळात क्वेसारच्या गाभ्याचं तेज बदललं असेल तर तुमचा इंडेक्स खोटा. यूजीएमआरटीची (सुधारित जीएमआरटी) बँड ३, ४, ५ मधली निरीक्षणं थोड्या दिवसांच्या अंतरात मागा. त्या चारांचं फर्स्टमधलं इंटिग्रेटेड भागिले पीक किती?

मध्यरात्र१४२०
१.५ ते १.८.

खोडदकर
पसरट आहेत. व्हीलासची चित्रं फर्स्टच्या बीमएवढी स्मूथ (धूसर) करून पुन्हा मोजा.