मदत हवी आहे: अँटिव्हायरसला इमेल तपासू द्यायचं की बंद करायचं?

मुनीमजी
तातडीने उत्तर हवंय. अँटिव्हायरस रिन्यू केल्यापासून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेल येणं थांबलंय. दर वेळी सर्टिफिकेटची कसलीतरी पाटी येते, बंद केली की परत येते. हार्डवेअरवाला फोनवर म्हणतो, इमेल स्कॅनिंग बंद करा, लगेच चालू होईल. आमचे भागीदार म्हणतात, ते अजिबात बंद करायचं नाही, व्हायरस मेलमधूनच शिरतो. २० तारखेच्या आत जीएसटीची ३बी रिटर्न भरायच्यात आणि पार्ट्यांची बिलं मेलवरच येतात. जाणकारांनी फक्त एवढंच सांगावं: बंद करू की नको?

सह्यवेडा
बंद करा. मी कधीच बंद केलंय, काही फरक पडला नाही.

अनघा_ठाणे
मुनीमजी, घाईत काही दाबू नका. मेल कशात बघता? आउटलूक, थंडरबर्डसारख्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये, की ब्राउझरमध्ये जीमेल? ब्राउझरमध्ये बघत असाल तर या इमेल स्कॅनिंगचा तिथे संबंधच येत नाही. खातं पॉप आहे (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं) की आयमॅप (मेल कंपनीच्या सर्व्हरवरच ठेवणारं)? आणि पाटीवर नेमकं काय लिहिलंय?

मुनीमजी
निळा पक्षी आणि पाकीट असलेला आयकॉन आहे, त्यावर क्लिक करून बघतो. विंडोज १०. अँटिव्हायरस पैसे भरून घेतलेला आहे, नाव इथे टाकत नाही. पॉप की आयमॅप ते माहीत नाही, सेटिंग हार्डवेअरवाल्यानेच केलंय. प्रश्न साधा आहे हो, हो किंवा नाही.

रानफूल
विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपले. आधी ११ वर जा. मशीन जुनं असेल तर लिनक्स टाका, आमच्या घरी सगळ्यांना जमलंय. अँटिव्हायरसचा खर्चही वाचेल.

अनघा_ठाणे
रानफूल, २० तारीख तोंडावर असताना कोण ऑपरेटिंग सिस्टिम बदलेल? तो विषय नंतर बघू.
मुनीमजी, निळा पक्षी म्हणजे थंडरबर्ड. आता ती पाटी परत आली की 'व्ह्यू' दाबा, सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, उघडेल. त्यात 'इश्युअर नेम'खाली, म्हणजे ते देणाऱ्याचं म्हणून, कोणाचं नाव आहे ते बघा. तुमच्या अँटिव्हायरसचं नाव असेल तर भानगड त्याचीच आहे. भलतंच अनोळखी नाव असेल तर पुढे जाऊ नका, पासवर्ड टाकू नका आणि इथे सांगा.

जुना_खिळा
मी मात्र बंद करायच्या पूर्ण विरोधात आहे. मे २००० मधला 'आय लव्ह यू' ज्यांनी पाहिला ते असं बोलणार नाहीत. आमच्या ऑफिसात साहेबांच्याच पत्त्यावरून आला, म्हणून सगळ्यांनी उघडला. अटॅचमेंटचं नाव 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी' एवढंच दिसायचं. शेवटचं 'व्हीबीएस', म्हणजे प्रोग्रॅम असल्याची खूण, विंडोज लपवून ठेवायचं, त्यामुळे साधी मजकुराची फाइल वाटायची. उघडली की आउटलूकमधल्या प्रत्येक पत्त्यावर तोच मेल रवाना. फोटोंच्या फाइली गेल्या त्या गेल्याच. पुढे २००४ मध्ये मायडूम आला, तो तर स्वतःच मेल पाठवायचा, आउटलूकची गरजही नव्हती. येणारी आणि जाणारी, दोन्ही टपालं तपासलीच पाहिजेत.

एकबाइट
खिळेकाका, तेव्हाचं तेव्हा बरोबर होतं. तेव्हा मेल सर्व्हरवरून तुमच्यापर्यंत उघडा यायचा, पोर्ट (कनेक्शनचं दार) क्रमांक ११० वरून, आणि अँटिव्हायरस मध्ये बसून आरामात वाचू शकायचा. आता पॉप ९९५ वर आणि आयमॅप ९९३ वर, सगळं एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद. मध्ये बसून वाचायचं तर अँटिव्हायरसला ते कुलूप उघडावं लागतं. म्हणजे टपालवाल्याकडून सीलबंद पाकीट दारातच कोणी घ्यायचं, फोडून वाचायचं, आणि स्वतःचं सील मारून तुमच्या हातात द्यायचं. सर्व्हरच्या सर्टिफिकेटऐवजी अँटिव्हायरस स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतो. विंडोजच्या विश्वासातल्या नावांच्या यादीत त्याने आपलं रूट, म्हणजे मूळ, सर्टिफिकेट घातलेलं असतं, पण थंडरबर्डची यादी वेगळी असते. ते नाव तिथे सापडलं नाही की पाटी येते. रिन्यू करताना नवी आवृत्ती बसली असेल आणि तिने नवं सर्टिफिकेट बनवलं असेल तर नेमकं हेच होतं.

शिवाय ही मधली तपासणी धोक्याचीही असू शकते. २०१७ मध्ये मिशिगन विद्यापीठ, गूगल, मोझिला, क्लाउडफ्लेअर वगैरेंच्या संशोधकांनी असं मध्ये बसणारी उत्पादनं तपासली. बहुतेकांनी कनेक्शनची सुरक्षा वाढवण्याऐवजी कमीच केली होती.

जुना_खिळा
तो अभ्यास वेबसाइटींचा होता, मेलचा नव्हे. अर्धवट सांगू नका. आणि सगळेच अँटिव्हायरस सारखे वाईट नसतात.

एकबाइट
वेबचाच होता, मान्य. पण कुलूप उघडायची पद्धत तीच आहे. जे काम ब्राउझरपुढे नीट जमत नाही ते मेलपुढे जमेल, हे मी कशावरून धरायचं?

नेटका
मुळात देशी अँटिव्हायरस घ्या म्हणजे कटकट नाही. क्विक हील आपल्या पुण्याचं. कैलास काटकर रहिमतपूरचे, कॅल्क्युलेटर दुरुस्त करत करत इथवर पोचले. मराठी माणसाचा अभिमान बाळगा.

अनघा_ठाणे
अवांतर. अभिमान आहेच, पण मेलचं कनेक्शन कोणीही तपासलं तरी सर्टिफिकेटचा प्रश्न येतोच.

मुनीमजी
बघितलं. इश्युअर नेममध्ये अँटिव्हायरसचंच नाव आहे, पुढे 'मेल' आणि 'रूट' असं काहीतरी. म्हणजे बंद करायचं ना? आणि एक सांगायचं राहिलं. परवा अँटिव्हायरसने 'धोका सापडला, क्वारंटाइन करू का' असं विचारलं होतं. फाइलचं नाव नुसतं 'इनबॉक्स' होतं. मी 'नंतर' दाबलं. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

अनघा_ठाणे
अहो, हे आधी सांगायला हवं होतं! सर्टिफिकेटपेक्षा हे कितीतरी मोठं आहे. 'नंतर' दाबलंत ते फार बरं केलंत.

थंडरबर्ड एका फोल्डरमधले सगळे मेल एकाच फाइलमध्ये ठेवतं. प्रोफाइल फोल्डरात, म्हणजे थंडरबर्ड आपलं सगळं साठवतं तिथे, 'इनबॉक्स' नावाची, एक्स्टेन्शन नसलेली फाइल असते, शेजारी 'इनबॉक्स.एमएसएफ' ही तिची सूची. अँटिव्हायरसला त्यात एक वाईट मेल दिसला की तो अख्खी फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या बंद जागेत, टाकू शकतो, कारण त्याच्या लेखी ती एकच फाइल आहे. तुमचं खातं पॉप असेल आणि मेल उतरल्यावर सर्व्हरवरून पुसले जात असतील, तर पार्ट्यांची सगळी बिलं त्याबरोबर गेली असती.

आत्ताच्या आत्ता हे करा. थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि प्रोफाइल फोल्डरची कॉपी पेन ड्राइव्हवर घ्या. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या जागी %ॲपडेटा% हे इंग्रजीत टाइप करा, थंडरबर्ड, मग प्रोफाइल्स. कॉपी झाल्याशिवाय बाकी कशाला हात लावू नका.

सह्यवेडा
मी सांगितलं होतंच, बंद करा.

अनघा_ठाणे
सह्यवेडा, नुसतं बंद करून इनबॉक्स वाचत नाही. मेल स्कॅनिंग बंद केलं तरी अँटिव्हायरस डिस्कवरच्या फाइली तपासत राहतो, आणि ती क्वारंटाइनची पाटी तिथूनच आली असणार. या दोन्ही तपासण्या वेगळ्या आहेत.

मुनीमजी, कॉपी झाली की आधी मेल स्कॅनिंग बंद करा, मग:
थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत खाली 'अँटिव्हायरस' असा भाग आहे. तिथे येणारा प्रत्येक मेल अँटिव्हायरसला सुटा तपासू द्यायची खूण असते, ती करा. मग नवा मेल आधी वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये उतरतो, वाईट असेल तर तो एकटा जातो, इनबॉक्स शाबूत राहतो. जुन्या मेलांसाठी अँटिव्हायरसच्या 'एक्स्क्लूजन'मध्ये, म्हणजे तपासणीतून वगळायच्या यादीत, प्रोफाइल फोल्डर टाका. संशयास्पद मेल शोधून डिलीट करा, ट्रॅश रिकामा करा आणि मग इनबॉक्सवर राइट क्लिक करून 'कॉम्पॅक्ट'. हे विसरू नका, कारण नुसतं डिलीट केलेला मेल कॉम्पॅक्ट होईपर्यंत त्या फाइलमध्येच पडून असतो.

जुना_खिळा
म्हणजे मेल स्कॅनिंग बंद, वर प्रोफाइल फोल्डरही तपासणीबाहेर? मग व्हायरस आला तर पकडणार कोण?

एकबाइट
काका, मेल डिस्कवर नुसता पडून असतो तोवर तो मजकूरच असतो, आपोआप चालत नाही. अटॅचमेंट उघडायला गेलात की ती आधी टेम्प (तात्पुरत्या) फोल्डरात उतरते, सेव्ह केलीत तर तुमच्या फोल्डरात. दोन्हीकडे रिअल-टाइम, म्हणजे फाइल उतरताना किंवा उघडताना तिथल्या तिथे होणारी, तपासणी चालू असते, तिला कुठलंही कुलूप उघडावं लागत नाही. ती मात्र कधीही बंद करायची नाही. शिवाय जीमेलसारख्या सर्व्हरवर अटॅचमेंट आधीच तपासल्या जातात, ईएक्सई (प्रोग्रॅमची फाइल) तर जीमेल घेतच नाही, २०१७ पासून जेएसही (स्क्रिप्टची फाइल) नाही. पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत मात्र मेल स्कॅनरलाही दिसत नाही, तिथे मेलची तपासणी चालू असून नसल्यासारखीच.

जुना_खिळा
रिअल-टाइम चालू राहणार असेल तर माझा विरोध मागे. पण जाणाऱ्या मेलच्या तपासणीचं काय?

एकबाइट
तीही बंद. मोठी अटॅचमेंट तपासता तपासता सर्व्हरचा टाइमआउट होतो, म्हणजे तो वाट बघणं सोडतो, आणि मेल आउटबॉक्समध्ये अडकतो. रिटर्नच्या आठवड्यात तर नकोच.

कोल्हापुरी_ठसका
मुनीमजी, तुमच्या धंद्यात व्हायरसपेक्षा दुसऱ्याच मेलची भीती जास्त आहे. जुन्या पार्टीच्या नावाने मेल येतो, 'आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट या खात्यावर करा'. ना अटॅचमेंट, ना लिंक. त्यात पकडण्यासारखं काही नसतंच, कुठलाही अँटिव्हायरस तो अडवणार नाही. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचे पैसे असेच गेले. खातं बदललं म्हटलं की आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नव्हे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, तासांवर फरक पडतो.

मुनीमजी
कॉपी घेतली, मग मेल स्कॅनिंग बंद केलं. पाटी गेली, अडकलेले सगळे मेल धडाधड उतरले. अँटिव्हायरसची ती खूण केली, फोल्डर एक्स्क्लूजनमध्ये टाकलं. इनबॉक्समध्ये 'इन्व्हॉइस' नावाचा, झिप लावलेला मेल सापडला, पाठवणारा ओळखीचा नाही. काढून कॉम्पॅक्ट केलं. खातं पॉपच निघालं. भागीदारांना एकबाइट यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते तयार झाले. अनघाताई, फार उपकार झाले. त्या इनबॉक्समध्ये मागच्या कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार आहे.

अनघा_ठाणे
छान झालं. रिटर्न आटोपल्यावर अकाउंट सेटिंग्जमध्ये 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' बघून घ्या, आणि सर्व्हरवर जागा असेल तर आयमॅप करून घ्या. पेन ड्राइव्ह फॉरमॅट करू नका.

परदेशस्थ_पुणेकर
माझ्या आउटलूकमध्येही अशीच पाटी येते आहे, पण अँटिव्हायरस फक्त विंडोजचाच आहे. काय करू?

एकबाइट
मग कारण वेगळं आहे. इश्युअर कोण आहे ते आधी बघा, कॉम्प्युटरची तारीख-वेळ बरोबर आहे का ते बघा, आणि स्क्रीनशॉटसकट नवीन धागा काढा.