मदत हवी आहे: मुलांच्या भेटी आणि तळ्याचा काठ

नमस्कार मंडळी, आम्ही काही जण मिळून एक लहान राखीव निसर्गक्षेत्र सांभाळतो. अडचण तळ्याची आहे. मुलं तिथेच सगळ्यात जास्त रमतात; चतुराची अळी पाण्यात राहून बेडकांची पिल्लं खाते, हे बशीत बघितलं की त्यांचे प्रश्न थांबतच नाहीत. पण काठ तुडवून माती घट्ट झालीय, गवत उगवत नाही. विणीच्या काळात तर गर्दीमुळे पक्षी घरटी सोडतात.

काठावर लाकडी पायवाट बांधावी की तळ्याचा एक भाग कायमचा बंद ठेवावा? एका वेळी किती मुलं नेता?

शिवाय पडलेली, कुजकी झाडं काही सभासदांना कचरा वाटतात. त्यांवर बुरशी, भुंगेरे जगतात हे कसं पटवलंत? (फलक लावलेत, वाचतंय कोण!)