[मंडळ] तातडीचं: 2 मेच्या प्रमुख पाहुण्या आता उमेदवार आहेत

प्रेषक: सचिव
सोमवार, 13 एप्रिल 2026, रात्री

सर्वांना नमस्कार,

घाईत लिहितेय. शुक्रवारी आपल्या ट्रॅफर्ड काउन्सिलच्या (इथल्या पालिकेच्या) उमेदवारांची यादी लागली आणि आपल्या 2 मेच्या महाराष्ट्र दिनाच्या प्रमुख पाहुण्या, काउन्सिलर बाई, त्यात आहेत. मतदान गुरुवारी 7 मेला. म्हणजे शनिवारी आपल्या स्टेजवर दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, दहा मिनिटं भाषण, आणि पुढच्या गुरुवारी याच बाई मतपत्रिकेवर. पत्रिका उद्या दुपारी छपाईला द्यायची आहे. नाव ठेवायचं की काढायचं, एवढंच सांगा. कृपया एवढंच. गेल्या वर्षी नाटकाच्या तिकिटांवरून झालं तसं करू नका.

सचिव

प्रेषक: नाना, टिंपर्ली
सोमवार, 13 एप्रिल, रात्री

नाव ठेवा. बोलावलेल्या पाहुण्याला "येऊ नका" म्हणायची आपल्यात रीत नाही. बाई दरवर्षी गणपतीला येतात, रांगेत उभ्या राहून प्रसाद घेतात, चपला स्वतः शोधतात. निवडणूक आली म्हणून त्यांना दार बंद? इतकं सोवळं पाळायचं तर आपण पार्लमेंटात जाऊन बसू.

तसंही इथे दरवर्षी काही ना काही निवडणूक असतेच. एक चुकवली तर दुसरी आडवी येणार.

नाना

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, 14 एप्रिल, सकाळी

नाना, दरवर्षी नसते. ट्रॅफर्डमध्ये 21 वॉर्ड, प्रत्येकात तीन काउन्सिलर, एकूण 63. दर वर्षी प्रत्येक वॉर्डातली एक जागा, असं तीन वर्षं, आणि चौथं वर्ष कोरं. गेलं वर्ष कोरं होतं, म्हणून 2025 च्या महाराष्ट्र दिनाला हा प्रश्न आला नाही आणि आपण सगळे निर्धास्त झालो.

आता मुद्दा. आपण नोंदणीकृत चॅरिटी आहोत. चॅरिटी कमिशनचं म्हणणं सरळ आहे: एखाद्या विषयावर बोला, मोहीम काढा, पण पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा द्यायचा नाही. शाल दिली म्हणजे पाठिंबा नव्हे, हे तुम्हाला कळतं, मला कळतं. फोटो बघणाऱ्याला कळत नाही. रविवारी सकाळी तोच फोटो, मागे आपलं बॅनर, बाजूला नऊवारीतल्या मुली, असा पत्रकावर छापून दारोदार पडला तर उत्तर विश्वस्तांनी द्यायचं आहे, लेझीमवाल्यांनी नाही.

माझं मत: पत्रिकेतून नाव काढा. स्टेज नाही, माइक नाही.

प्रेषक: माई, सेल
मंगळवार, 14 एप्रिल, सकाळी

निमंत्रण मी दिलं. संक्रांतीला, तिळगूळ देताना, सगळ्या समितीसमोर. तेव्हा खजिनदार शेजारीच उभे होते आणि दुसरा लाडू घेत होते. सांस्कृतिकचा विषय सांस्कृतिक समितीला आधी विचारायचा असतो, थेट लिस्टवर टाकायचा नसतो, एवढं नोंदवून ठेवते.

त्यांना काय सांगायचं ते मी सांगेन. दुसऱ्या कोणी परस्पर ईमेल करू नये.

प्रेषक: नाना, टिंपर्ली
मंगळवार, 14 एप्रिल, सकाळी

मग त्याच वॉर्डातल्या दुसऱ्या काउन्सिलरना बोलवा. तीन आहेत ना? ज्यांची पाळी यंदा नाही त्यांना. काम झालं.

प्रेषक: अण्णा, अर्मस्टन
मंगळवार, 14 एप्रिल, दुपारी

नानांची सूचना ऐकायला बरी आहे, पण कोणाची पाळी कधी हे कसं ठरलं ते बघा. 2023 ला वॉर्डांच्या हद्दी बदलल्या, त्यामुळे सगळ्या 63 जागा एकदम लढवल्या. तेव्हा आपण सर्वांनी तीन-तीन फुल्या मारल्या, आठवतं का? ज्याला सगळ्यांत जास्त मतं पडली त्याला 2027 पर्यंत, दुसऱ्याला 2026 पर्यंत, तिसऱ्याला फक्त 2024 पर्यंत. आपल्या पाहुण्या दुसऱ्या आल्या होत्या म्हणून आत्ता उभ्या आहेत. पहिले आलेले गृहस्थ निवांत आहेत, पण ते त्यांच्याच पक्षाचे. त्यांना शाल घातली तर विरोधी उमेदवार काय म्हणेल?

आणि यावरून महत्त्वाचं: यंदा एकच फुली. 2023 ची सवय लागलेले लोक आहेत. एका जागेसाठी दोन फुल्या मारल्या की मत बाद.

पुण्यात जानेवारीत माझ्या धाकट्या भावाने चार बटणं दाबली, एका प्रभागात चार नगरसेवक. तो मला फोनवर विचारतो, तुमच्याकडे तीन आहेत तर अ, ब, क कुठे? म्हटलं, इथे अ-ब-क नाही. एकच यादी, वरून जितके हवेत तितके उचलायचे. त्याला पटलं नाही. "मग आरक्षण कसं लावतात?" म्हणाला. लावत नाहीत म्हटल्यावर बराच वेळ गप्प होता.

प्रेषक: विनिता, ऑल्ट्रिंगम
मंगळवार, 14 एप्रिल, दुपारी

अण्णा, एक फुली हे दर वेळी खरं नाही. मध्येच कोणी राजीनामा दिला आणि पोटनिवडणूक मेच्या निवडणुकीबरोबरच घेतली तर एकाच कागदावर दोन फुल्या असतात. 2018 ला आमच्या ऑल्ट्रिंगममध्ये दोन निवडायचे होते, दोन्ही ग्रीन पक्षाने नेले. आमच्या ह्यांनी एकच फुली मारली आणि घरी येऊन सांगितलं की दुसरी छापायची चूक असावी.

मतपत्रिकेवर सगळ्यांत वर किती निवडायचे ते लिहिलेलं असतं. तेवढं वाचा.

प्रेषक: नवीन सभासद, स्ट्रेटफर्ड
मंगळवार, 14 एप्रिल, संध्याकाळी

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. आम्ही गेल्या वर्षी आलो, वर्क व्हिसावर. आम्हाला मत आहे का? ऑफिसात म्हणाले ब्रिटिश नागरिक लागतो.

प्रेषक: अण्णा, अर्मस्टन
मंगळवार, 14 एप्रिल, संध्याकाळी

आहे. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, तुमच्याकडे इथे राहण्याची परवानगी आहे, वय 18 पूर्ण आहे, एवढं पुरे. काउन्सिलला मत आहे आणि पार्लमेंटलाही आहे. ऑफिसातल्यांना युरोपवाल्यांचे नियम माहीत असतात, आपले नाहीत. नाव मात्र 20 एप्रिलच्या रात्री 12 पर्यंत नोंदवा, ऑनलाइन. नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा.

उभं राहायचं असेल तर वेगळं. त्याला कायमच्या वास्तव्याचा शिक्का लागतो. डिपॉझिट नाही, सूचक आणि अनुमोदक दोनच सह्या. पूर्वी दहा लागायच्या, त्या गोळा करताना उमेदवाराचं अर्ध अवसान गळायचं. यंदाचे अर्ज 9 तारखेला बंद झाले, नाहीतर नानांना उभं केलं असतं.

प्रेषक: भोजन समिती
मंगळवार, 14 एप्रिल, संध्याकाळी

मूळ विषय राहिला बाजूला. माझा प्रश्न: मतदारांना खाऊ घालणं हा इथे गुन्हा आहे असं कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलंय. वडापाव, कोशिंबीर, श्रीखंड असा बेत आहे. बाई आल्या तर आमच्या वड्यावर संशय येणार का? बटाट्याची ऑर्डर गुरुवारी द्यायची आहे.

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, 14 एप्रिल, रात्री

बटाटे आणा. गुन्हा आहे तो खाऊ-पिऊ घालून मत फिरवायच्या हेतूने केलं तर. 2022 च्या कायद्याने ते अजून स्पष्ट केलंय, सभेला येणाऱ्यांना साधा चहा-फराळ दिला म्हणून कोणी गुन्हेगार होत नाही. शिवाय आपला वडा तिकिटात आहे, उमेदवाराच्या खिशातून नाही. त्यांच्याकडून मिठाईचा डबा मात्र घ्यायचा नाही. मागे एकदा आला होता, तो कोणी संपवला ते मी लिहीत नाही.

प्रेषक: नाना, टिंपर्ली
मंगळवार, 14 एप्रिल, रात्री

डबा दिवाळीचा होता. निवडणुकीचा नव्हता.

प्रेषक: माई, सेल
बुधवार, 15 एप्रिल, सकाळी

कोणीतरी सर्व उमेदवारांना बोलवा असं मला खाजगीत सुचवलंय. सर्वांना बोलावलं तर नियमात बसतं हे मान्य, त्याला इथे हस्टिंग्ज म्हणतात आणि चॅरिटीला ते करता येतं. पण सहा जणांनी सात-सात मिनिटं कचरापेटी आणि खड्डे यावर भाषण केलं तर बालवर्गाचा पोवाडा कधी? मुलं दोन महिने तालीम करतायत. फेटे आलेत. हॉल दहाला रिकामा करायचा आहे. हस्टिंग्ज करायचं तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाने. मी करणार नाही.

प्रेषक: लिस्ट व्यवस्थापक
बुधवार, 15 एप्रिल, सकाळी

काल रात्री एका सभासदाने एका उमेदवाराचं पत्रक इथे टाकलं. मी काढलं आहे. ही लिस्ट मंडळाची आहे, आणि त्या चित्रावर ते कोणी काढलं, कोणाच्या वतीने, पत्ता काय, काहीच नव्हतं. छापील पत्रकावर ते लागतंच, आता ऑनलाइनलाही लागतं. तक्रार असेल तर मला खाजगीत लिहा. इथे लिहिलं तर तेही काढेन.

प्रेषक: विनिता, ऑल्ट्रिंगम
बुधवार, 15 एप्रिल, दुपारी

पत्रकाबद्दल काही नाही. आधार कार्ड चालतं का मतदानाला? सासूबाई विचारतायत. त्या इथेच असतात, व्हिझिटर नाहीत.

प्रेषक: अण्णा, अर्मस्टन
बुधवार, 15 एप्रिल, दुपारी

आधार नाही. ओसीआय कार्ड नाही. भारतीय पासपोर्ट चालतो, कॉमनवेल्थ देशाचा आहे म्हणून. मुदत संपलेला असला तरी चालतो, चेहरा ओळखू आला पाहिजे. ज्येष्ठांचा बसपास चालतो. तरुणांचं रेलकार्ड चालत नाही, त्यावरून 2023 ला आमच्या केंद्रावर एक पोरगा जाम भडकला होता, आणि त्याच्या मागे मी माझा बसपास हातात धरून उभा. तो माझ्याकडे असा बघत होता जणू मीच कायदा केला.

यातलं काहीच नसेल तर मतदार ओळखपत्र फुकट मिळतं, अर्ज 28 एप्रिल संध्याकाळी 5 पर्यंत.

आणि सासूबाईंना आधीच सांगून ठेवा: शाई लावत नाहीत, मशीन नाही, आत दोरीला बांधलेली पेन्सिल असते. आमच्या आईने पेन्सिल बघून "खोडतील" म्हणून हात आखडता घेतला होता. स्वतःचं पेन नेलं तरी चालतं. दाराबाहेर रोझेट, म्हणजे पक्षाच्या रंगाचं रिबिनीचं फूल, लावून कोणी तुमचा यादीतला नंबर विचारला तर तो पक्षाचा माणूस असतो, सांगायलाच हवा असं नाही.

प्रेषक: माई, सेल
बुधवार, 15 एप्रिल, संध्याकाळी

बोलले त्यांच्याशी. मी काही म्हणायच्या आधीच त्या म्हणाल्या की त्यांनाच फोन करायचा होता, त्यांच्या एजंटनेही हेच सांगितलंय. तिकीट काढून येतील, मुलांचा कार्यक्रम बघतील. स्टेजवर नाही, रोझेट नाही, पत्रकं नाहीत. शाल पुढच्या वर्षी, निवडून आल्या तरी आणि नाही आल्या तरी.

दीपप्रज्वलन शनिवारच्या मराठी शाळेच्या बाई करतील. नाव पत्रिकेत घालून छपाईला गेलंसुद्धा. विषय संपला.

प्रेषक: सचिव
बुधवार, 15 एप्रिल, संध्याकाळी

आभार, माई. पण छपाईची मुदत काल दुपारची होती, ती मी फोन करून वाढवून घेतली होती, हेही नोंदवून ठेवते.

प्रेषक: नाना, टिंपर्ली
बुधवार, 15 एप्रिल, रात्री

मेयरना का नाही बोलावलं? साखळी घालून येतात, फोटो छान येतो.

प्रेषक: खजिनदार
बुधवार, 15 एप्रिल, रात्री

मेयरसुद्धा काउन्सिलरच असतात, नाना. मान समारंभापुरता, पण जागा पक्षाची.

प्रेषक: नवीन सभासद, स्ट्रेटफर्ड
गुरुवार, 16 एप्रिल, सकाळी

नोंदणी झाली, धन्यवाद अण्णा. अजून एक. पत्नी 25 एप्रिलला लग्नासाठी साताऱ्याला जातेय, 10 मेला परत. तिचं मत पोस्टाने साताऱ्याला मागवता येईल का?

प्रेषक: अण्णा, अर्मस्टन
गुरुवार, 16 एप्रिल, सकाळी

मागवता येईल, पण मतपत्रिका साताऱ्याला पोचून परत इथे 7 मेच्या रात्री 10 च्या आत यायची, त्यात मला राम दिसत नाही. प्रॉक्सी करा, म्हणजे तिच्या वतीने दुसऱ्याने मत द्यायचं. अर्ज ऑनलाइन, 28 एप्रिल संध्याकाळी 5 पर्यंत, पण निघायच्या आधीच उरका. तुम्हीच तिचे प्रॉक्सी व्हा. केंद्रावर तुमचं स्वतःचं ओळखपत्र न्यायचं, तिचं नाही. मत कोणाला ते तिने सांगायचं, तुम्ही ठरवायचं नाही.

तुम्हाला जमत नसेल तर दुसरा कोणी बघा. मात्र नानांना विचारू नका. इथल्या रहिवाशांपैकी एका माणसाला दोघांचंच प्रॉक्सी होता येतं, आणि त्यांच्याकडे मुलगा आणि सून आधीच आहेत.