मदत हवी आहे: ब्लॉक केलेले मोबाइल पुन्हा वायफायला जोडले जातात (फायबर राउटर, सांगली)

विश्रामबागकर
दुमजली घर आहे. फायबरचं कनेक्शन वर आमच्याकडे, खाली इंजिनीअरिंगची तीन मुलं भाड्याने राहतात. भाड्यातच वायफाय धरलंय. पण पासवर्ड त्यांच्या मित्रांपर्यंत पोचलाय. राउटरच्या यादीत २३ उपकरणं दिसतात. आमची सात, मुलांची सहा, बाकी दहा अनोळखी. त्यातले चार मोबाइल मॅक फिल्टरमध्ये (उपकरणाच्या वायफाय पत्त्यावरून, म्हणजे मॅक ॲड्रेसवरून, अडवणारी यादी) टाकून ब्लॉक केले, तर संध्याकाळी चार नवे मॅक ॲड्रेस हजर. राउटरच्या दोन बँडची (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) नावं वेगवेगळी आहेत. मुलांचं नेट तोडायचं नाही. फिल्टर उलटा लावून फक्त यादीतल्यांनाच परवानगी द्यावी का?

अजिंक्यतारा
फिल्टर बरोबर चाललाय, मोबाइल पत्ता बदलतायत. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन वायफायला आपला खरा मॅक सांगत नाही, प्रत्येक नेटवर्कच्या नावासाठी वेगळा तयार करतो. तुमच्याकडे नावं दोन, म्हणजे एकाच फोनचे पत्ते दोन. २.४ वर अडवलेला फोन ५ वर दुसऱ्या पत्त्याने आत येतो. सेटिंगमध्ये जाऊन खरा मॅक चालू केला की तिसरा पत्ता तयार. ओळखायची खूण सोपी आहे: मॅकमधलं डावीकडून दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता फोनने बनवलेला. आणखी एक, बऱ्याच राउटरमध्ये दोन्ही बँडचे फिल्टर स्वतंत्र असतात. एकात भरलेली यादी दुसऱ्याला लागू होत नाही.

उलटा फिल्टर लावता येईल, पण माझ्या मते नका लावू. घरातल्या प्रत्येक फोनवर आधी ‘डिव्हाइस मॅक’ (खरा पत्ता) निवडावा लागेल, नाहीतर तुमचेच फोन बाहेर. पाहुणे आले की दरवेळी यादी उघडा. आणि एवढं करूनही ते कुलूप नव्हेच: डेटा एन्क्रिप्ट असला तरी मॅक हवेत उघडाच जातो. जाणकार पोरगा परवानगी असलेला पत्ता लॅपटॉपवर वाचून स्वतःला लावू शकतो. खरं कुलूप पासवर्डच.

कॉम्प्युटर लॅन केबलने जोडा, म्हणजे मध्येच वायफाय बदललं तरी तुम्ही बाहेर फेकले जाणार नाही. ब्राउझरमध्ये राउटरच्या सेटिंगचं पान १९२.१६८.१.१ उघडा (काही राउटरला १९२.१६८.०.१). सगळ्यात आधी ॲडमिनचा पासवर्ड बदला. तो राउटरच्या पोटाखाली स्टिकरवर छापलेला असतो आणि हे पान वायफायवरच्या कुठल्याही फोनमधून उघडतं; तो तसाच ठेवलात तर तुमचा नवा वायफाय पासवर्ड तिथूनच कुणीही वाचेल. मग डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. त्याचा आठ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो. २०११ पासून हे माहीत आहे. सिक्युरिटी (वायफायच्या एन्क्रिप्शनचा प्रकार) डब्ल्यूपीए२-एईएस ठेवा. शेवटी दोन्ही बँडचे पासवर्ड बदला, किमान १५-१६ अक्षरी. ब्लॉक लिस्ट रिकामी करून टाका.

मुलांसाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे वायफायचं दुसरं नाव (एसएसआयडी), चालू करा आणि त्यावर आयसोलेशन लावा. त्यांना इंटरनेट मिळेल, तुमचा प्रिंटर आणि कॅमेरे दिसणार नाहीत.

विश्रामबागकर
सगळं केलं. यादीत आता फक्त घरचीच. पण गेटवरचा वायफाय कॅमेरा नव्या पासवर्डने जोडत नाही.

अजिंक्यतारा
सिक्युरिटीत फक्त डब्ल्यूपीए३ (डब्ल्यूपीए२ नंतरची नवी पद्धत) निवडलं गेलं नाही ना? साधे कॅमेरे आणि स्मार्ट प्लग बहुतेक २.४ वरच चालतात आणि जुन्यांना डब्ल्यूपीए३ कळत नाही. २.४ डब्ल्यूपीए२ वर ठेवा, जोडताना मोबाइलही २.४ वरच घ्या. कॅमेरा गेस्टवर टाकू नका. आयसोलेशनमुळे रेकॉर्डरला तो सापडणार नाही.

कृष्णाकाठ
एक भर घालतो. गेस्टचा पासवर्डही पसरणार हे धरूनच चला. अँड्रॉइडमध्ये क्यूआर दाखवला की समोरचा जोडला जातो, पासवर्ड सांगावाही लागत नाही. म्हणून एसएसआयडीच्या सेटिंगमध्ये ‘मॅक्स क्लायंट्स’ शोधा आणि गेस्टला ६ ठेवा. मित्राचा फोन जोडला तर त्यांच्यातल्याच एकाचा लॅपटॉप बाहेर राहतो, मग मुलंच पासवर्ड जपतात. मात्र गेस्ट दोन्ही बँडवर चालू असेल तर ६ आणि ६ मिळून १२ होतात, म्हणून तो एकाच बँडवर ठेवा. मधे भिंती आणि स्लॅब असेल तर २.४ बरा.

हे सगळं करताना काही अडलं तरी टाचणीने रिसेट दाबू नका. फायबरच्या राउटरमध्ये पीपीपीओईचं युजरनेम आणि व्हीलॅन (कंपनीच्या लाइनवर जोडणीसाठी लागणारी माहिती) भरलेलं असतं. ते पुसलं की केबलवाला येऊन भरेपर्यंत वर-खाली दोन्हीकडे नेट बंद. आत्ताच ‘बॅकअप कॉन्फिगरेशन’ दाबून फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा.

विश्रामबागकर
डब्ल्यूपीए३च निवडलेलं होतं. २.४ डब्ल्यूपीए२ वर आणल्यावर कॅमेरा लागला. ६ ची मर्यादा घातली, पण एक मुलगा गावी गेलाय तरी त्याचा फोन यादीत दिसतोय आणि दुसऱ्याचा टॅब जोडत नाही.

कृष्णाकाठ
निरोप न देता रेंजबाहेर गेलेला फोन काही राउटर थोडा वेळ मोजत राहतात. दहा-पंधरा मिनिटांनी बघा, नाहीतर गेस्ट बंद करून लगेच चालू करा, यादी साफ होईल.